दोनची मॅच

शाहू स्टेडियमवर हंगामात दिवसाला बहुधा दोन सामने होतात. एक दुपारी दोनच्या सुमारास, दुसरा चारला. कोल्हापूरचा फुटबॉल म्हणून बाहेरच्यांना जे माहीत आहे, ते सगळं चारच्या सामन्यातलं असतं. भरलेली गॅलरी, पेठापेठांचे झेंडे, हलगी, पोलिसांचा बंदोबस्त आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा फोटो. पाटाकडील विरुद्ध दिलबहार किंवा खंडोबा विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी जोडी लागली, की त्या दिवशी मंगळवार पेठेत आणि शिवाजी पेठेत सकाळपासून दुसरा विषय नसतो.

दोनच्या सामन्याला यातलं काही नसतं. ऊन डोक्यावर, सिमेंटच्या पायऱ्या तापलेल्या, सावलीच्या पट्ट्यात जेमतेम दीडदोनशे माणसं. त्यातले निम्मे खेळणाऱ्यांचे भाऊ, मित्र आणि तालमीतली वडीलधारी मंडळी. उरलेले रोजचे. कोण खेळतंय यानं त्यांना फरक पडत नाही, मैदानात बॉल पडला की ते पायरीवर येऊन बसतात. मी गेले काही हंगाम मुद्दाम या सामन्यांना जातो. लीग कशावर उभी असते हे मला याच वेळेला दिसलं, म्हणून लिहायचं ते याच सामन्याबद्दल.

कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची केएसए, १९४० सालची. तिच्या वरिष्ठ गटात सोळा संघ. त्यांचे पुन्हा दोन भाग: वरचे आठ सुपर सीनियर, खालचे आठ सीनियर. प्रत्येक संघ आपल्या गटातल्या बाकीच्या सातांशी एकेकदा खेळतो. वरच्या गटाच्या तळाशी राहिलं की खालच्या गटात यावं लागतं. खालच्या गटाच्या तळाशी राहिलं की वरिष्ठ गटच सुटतो आणि मग कनिष्ठ गटांत, शहराच्या लेखी जवळपास अंधारातच, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोनच्या सामन्याला जे संघ असतात, त्यांचा सगळा हंगाम या उतरंडीच्या कडेवर चाललेला असतो.

मैदान मात्र सगळ्यांना एकच. रावणेश्वर तलाव बुजवून हे स्टेडियम झालं. शेजारी रावणेश्वराचं देऊळ आजही आहे. तुलनेला फ्रान्समधला अगदी खालच्या पातळीवरचा गावातला क्लब घ्या, त्याला स्वतःचं छोटं मैदान असतं, आठवड्याआड सामना त्याच्या घरी होतो, मधल्या आठवड्यात पोरं बसनं दुसऱ्याच्या गावाला जातात. आपल्याकडे घर आणि बाहेर हा भेदच नाही. विजेतेपदाची मॅच असो की तळ वाचवायची, याच गवतावर व्हायची. त्यामुळे डिसेंबरात हिरवं असलेलं मैदान मार्चपर्यंत दोन्ही गोलपोस्टांपुढे टक्कल पडल्यासारखं होतं. पाणी मारतात, रोलर फिरवतात, पण रोज दोन सामन्यांचे अठ्ठ्याऐंशी पाय नाचल्यावर गवताला उभं राहायला वेळ कुठला? गोलकीपरला विचारा. त्या उघड्या मातीवर टप्पा पडलेला बॉल कुठे उडेल याचा नेम नसतो आणि उडी मारून पडलं की कोपर सोलून निघतं.

हंगामाचं वेळापत्रक तालमीच्या वेळापत्रकावर बेतलेलं असतं, हे बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कुस्तीला राजाश्रय मिळाला, १९१२ मध्ये खासबागचं मैदान झालं, पेठेपेठेतल्या तालमींना जोर आला. पुढे त्याच तालमींच्या नावानं फुटबॉलचे संघ उभे राहिले. त्यामुळे बऱ्याच संघांच्या नावात आजही ‘तालीम मंडळ’ असतं. तीच पोरं गणपतीची वर्गणी काढतात, मिरवणुकीत ट्रॅक्टरबरोबर चालतात, महापूर आला की पाण्यातून माणसं आणि जनावरं बाहेर काढायला धावतात. पावसाळा आणि सणवार सरले, दिवाळी झाली, की खेळाडूंची नोंदणी सुरू होते आणि तालमीच्या कट्ट्यावर रात्री उशिरापर्यंत नावांची यादी खालीवर होत राहते. कोण यंदा दुसऱ्या तालमीकडून खेळणार, कोण परत येणार, रागवून गेलेल्या कुणाला समजावून आणायचं. मोठे संघ बाहेरच्या जिल्ह्यांतून, राज्यांतून, कधी आफ्रिकेतून खेळाडू आणतात. त्यांच्या राहण्याजेवणाची सोय करतात. खालच्या आठांतल्या बहुतेक संघांकडे तेवढे पैसे नसतात. तिथे बैठकीत एवढंच ठरतं, की गल्लीतली कोणती पोरं आहेत आणि कोणाला दुपारी सुट्टी मिळेल.

ही सुट्टीच खालच्या संघांची पहिली अडचण. एका संघाबरोबर मी बऱ्याचदा ड्रेसिंग रूमच्या दारात उभा राहिलो आहे. पोरं एकत्र येत नाहीत, एकेक येतात. एक शिरोली एमआयडीसीतून, फाउंड्रीच्या पहिल्या पाळीतून अर्ध्यावर निघून, गाडीवरच बनियन बदलून. एक उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून, नखांत ग्रीस तसंच. एक कॉलेजचं, बारावीची प्रॅक्टिकल्स जवळ आलेली, घरी न सांगता आलेलं. दोनच्या सामन्यासाठी अख्खा दिवस जातो. चारचा असता तर निदान पहिली पाळी तरी पुरी पदरात पडली असती. मोठ्या संघातल्या खेळाडूला हंगामाचे पैसे मिळतात. या पोरांचा खाडा होतो आणि तो खाडा कुणी भरून देत नाही.

तयारीची गंमत जवळून पाहण्यासारखी असते. मॅनेजर, म्हणजे तालमीतलेच एक अण्णा, प्लास्टिकच्या पिशवीत ओळखपत्रं घेऊन उभे. यादीतला नंबर आणि जर्सीवरचा नंबर जुळतोय का ते बोट ठेवून बघतात, कारण इथे चूक झाली तर पोरगं बाहेर बसणार. कोपऱ्यात एक जण घोट्याला क्रेप बँडेज गुंडाळतोय. हे काम तो इतकं सावकाश करतो की बघत राहावं. आधी पाऊल काटकोनात धरायचं, टाचेखालून एक फेरा, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वर, प्रत्येक फेऱ्याला अंगठ्यानं सुरकुती काढत. सुरकुती राहिली तर पंधरा मिनिटांत फोड येतो, हे त्याला कुणी फिजिओनं शिकवलेलं नाही, मागच्या फोडानं शिकवलंय. वर मोजा, मोज्यावर चिकटपट्टीचे दोन वळसे, मग बुटाची नाडी तळव्याखालून घेऊन बांधायची. शिनगार्ड त्याचे स्वतःचे नाहीत. तो बदली म्हणून बाहेर आला, की आत जाणारा ते त्याच्याकडून घेणार. अण्णा पुन्हा पुन्हा एकच सांगतात, “पोरांनो, पहिली धा मिनटं गोल खाऊ नका. मागचं मागं बगू.”

आणि खेळ? खोटं कशाला लिहू, पहिल्या अर्ध्या तासात पुष्कळदा खेळ रटाळ असतो. लांब उचललेले बॉल, ऑफसाइड, थ्रो-इन, पुन्हा लांब बॉल. हरायचं नाही या भीतीनं दोन्ही संघ मागे राहून खेळतात. पण ज्याला बघायचं आहे त्याला इथे दुसरं काही दिसतं. चारच्या सामन्यात गॅलरीच्या आवाजात जे ऐकू येत नाही, ते दोनला स्पष्ट ऐकू येतं: खेळाडूंचं आपसातलं बोलणं. “मागं बग की रं,” “सोड, सोड, माझा हाय,” “डावीकडं मोकळा हाय लेका.” स्टॉपर ओरडून सगळी फळी हाताखाली ठेवतो. पंचवीस यार्ड पुढच्या पोराला तो नावानं हाक मारतो आणि पोरगं मान न वळवता दोन पावलं मागे येतं. वर्षानुवर्षं एका गल्लीत खेळल्याशिवाय हे होत नाही. बाहेरून आणलेल्या खेळाडूंच्या संघात पायात कसब जास्त असतं, पण अशी समज यायला हंगाम पुरत नाही.

शेवटच्या वीस मिनिटांत एक चमत्कारिक गोष्ट घडते. चारच्या सामन्याचं पब्लिक यायला लागतं. आधी तुरळक, मग जथ्यांनी. झेंडे येतात, हलगी कडाडते, एका बाजूची गॅलरी एका पेठेची, समोरची दुसरीची. ही माणसं मैदानातल्या बावीस जणांसाठी आलेली नसतात, त्यांना ही मॅच लवकर संपायला हवी असते. तरीही मैदानातल्या पोरांच्या अंगात काहीतरी शिरतं. इतका वेळ जपून खेळणारा विंगर एकाएकी लाईन पकडून धावतो. कॉर्नरला सगळे पुढे जातात. एकदा अशाच वेळेला, सामना बरोबरीत असताना, खालच्या संघातल्या एका बारक्या पोरानं डीच्या बाहेरून उजव्या पायानं मारलेला बॉल बारच्या खालच्या कडेला लागून आत गेला. दोन्ही पेठांची गॅलरी उभी राहिली. तो त्यांच्यापैकी कुणाचाच नव्हता. एकमेकांच्या विरोधात घोषणा द्यायला आलेली ती सगळी माणसं एका परक्या तालमीच्या पोरासाठी टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या दिवशी पेपरात चारच्या सामन्याचं सविस्तर वृत्त होतं आणि अगदी शेवटी, ‘तत्पूर्वी झालेल्या सामन्यात’ म्हणून दोन ओळी. त्यांत त्याचं नाव होतं.

मला खरी तक्रार करायची आहे ती आकड्यांबद्दल. गटात आठ संघ, म्हणजे लीगचे सामने सात. लीगनंतर नॉकआउट चषक असतात, नेत्यांच्या, संस्थांच्या नावांचे, मोठ्या बक्षिसांचे. तिथे खालच्या संघाची गाठ पहिल्या फेरीतच एखाद्या बलाढ्य संघाशी पडली की प्रवास संपला. चार चषक झाले आणि चारही ठिकाणी पहिल्याच दिवशी हरले, तर वर्षाला एकूण अकरा सामने. अकरा! त्यासाठी ही पोरं थंडीत पहाटे गांधी मैदानावर, दुधाळीवर, जिथे जागा मिळेल तिथे घाम गाळतात. फ्रान्सच्या पाचव्या पातळीवरच्या नॅशनल ३ मध्ये चौदा संघांचा गट, घरी आणि बाहेर मिळून सव्वीस सामने. त्याच्याही खाली प्रादेशिक आणि जिल्हा लीग आहेत, तिथेही घरी एक, बाहेर एक असेच सामने होतात. सतराव्या वर्षी ज्या पोरानं सव्वीस सामने खेळले आणि ज्यानं अकरा खेळले, त्यांच्यातला फरक केवळ गुणवत्तेचा कसा म्हणायचा?

दुसरा फरक वर जाण्याच्या वाटेचा. फ्रान्सच्या राष्ट्रीय चषकात गल्लीतल्या क्लबलाही नाव नोंदवता येतं. सात हजारांवर क्लब उतरतात. २००० साली चौथ्या पातळीवरचा कॅले नावाचा हौशी संघ, नोकऱ्या सांभाळून खेळणाऱ्यांचा, स्ट्रासबूर्ग आणि बोर्दो या बड्या संघांना हरवत थेट अंतिम सामन्यात गेला आणि नांतकडून २-१ असा हरला. २०१८ मध्ये तिसऱ्या पातळीवरचा लेझेर्बिये अंतिम सामन्यात पॅरिसशी खेळला आणि त्याच आठवड्यात लीगमधून खालच्या पातळीवर घसरला. एका आठवड्यात हे दोन्ही होऊ शकतं, कारण त्या क्लबांच्या वर आणि खाली पायऱ्या आहेत. केएसएची लीग जिंकणारा आमचा संघ कुठे जातो? पेठेत जातो, मिरवणूक निघते, गुलाल उधळतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच लीगमध्ये. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याचा अभिमान शहरातल्या प्रत्येक तालमीला आहे. पण तो वर गेला तो लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जाऊन. आपल्या तालमीबरोबर वर जाता येईल अशी वाट अजून या शहरात झालेली नाही.

ती वाट एका दिवसात होणार नाही, पण अकराचे अठरा सामने यंदाच होऊ शकतात. खालच्या आठांना प्रत्येकाशी दोनदा खेळू द्या. अठ्ठावीस सामने वाढतील. शाहू स्टेडियमच्या गवताला ते झेपणार नाहीत, हे मान्य. मग त्यांना शाहू स्टेडियमवर कशाला ठेवायचं? हुल्लडबाजीमुळे सामने थांबल्याचे, बंदोबस्तावरून तारखा हुकल्याचे प्रसंग चारच्या गर्दीचे आहेत. दीडदोनशे माणसांच्या सामन्याला तेवढे पोलीस लागत नाहीत. गांधी मैदान किंवा दुधाळी, यांपैकी एकावर सपाट माती, गोलपोस्टला नीट जाळी, चहूबाजूंनी कुंपण, कपडे बदलायला एक खोली आणि नळाला पाणी, एवढं झालं तरी पुरे. सामना कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला लावा. दहापर्यंत पोरं मोकळी होतील, कुणाचा खाडा पडणार नाही, आणि शेजारच्या गल्लीतली लहान मुलं कुंपणाला लटकून बघायला येतील, जी भर दुपारी दोनला स्टेडियमपर्यंत कधीच येत नाहीत. रेफ्री आणि लाईनमन जास्त लागतील. शहरात माजी खेळाडूंची वाण नाही, त्यांना प्रशिक्षण देऊन पंच करता येईल. खर्चासाठी एखाद्या चषकाच्या बक्षिसातला एक हिस्सा बाजूला काढला तरी मैदानाचं काम सुरू होईल.