सौंदर्याचा व्यवसाय आणि सम्यक आजीविका

आपल्या वस्त्यांमधून आज दर दोन-चार गल्ल्यांमागे एक तरी ब्यूटी पार्लर दिसते. घराची पुढची खोली, एक मोठा आरसा, एक खुर्ची आणि दारावर हाताने रंगवलेली पाटी. शिवणकाम आणि खानावळ यांच्या जोडीने आपल्या भगिनींनी स्वतःच्या हिमतीवर उभा केलेला हा व्यवसाय आहे. बँकेत मुद्रा योजनेच्या शिशु कर्जासाठी, म्हणजे ५० हजार रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी, येणाऱ्या महिलांमध्ये पार्लरवाल्या भगिनी असतात. अर्जासोबत खुर्ची, आरसा, स्टीमर, ड्रायर यांची यादी असते. पण धुतलेले पाणी कोठे जाणार, कापलेले केस कोठे टाकणार, हे अर्जात नसते. तसा रकानाच नसतो. तो रकाना आपण आपल्या मनाशी आखावा, यासाठी हा लेखप्रपंच.

पाचवा व्यापार

तथागतांनी सांगितलेल्या आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्वतंत्र स्थान आहे. उपासकाने कोणते पाच व्यापार करू नयेत, हेही अंगुत्तर निकायात सांगितले आहे : शस्त्रांचा, जिवंत प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. पहिले चार आपण लांबूनच ओळखतो. पाचवा मात्र लहानशा डबीत बसून नकळत आपल्या दुकानात येऊ शकतो.

माझी धाकटी जाऊ घरीच पार्लर चालवते. मागे एका फिरत्या विक्रेत्याकडून तिने गोरे करणाऱ्या क्रीमच्या बारा डब्या घेतल्या. भाव स्वस्त, पण डबीवर बनवणाऱ्याचे नाव नाही, पत्ता नाही, घटकांची यादी नाही. पहिली डबी नेलेल्या मुलीच्या गालावर आठवड्यात लाल चट्टे उठले. जावेने तिला डॉक्टरांकडे पाठवले आणि उरलेल्या अकरा डब्या विकणे बंद केले. पुढे लग्न ठरलेली एक मुलगी तेच क्रीम मागायला आली आणि ‘नाही’ म्हटल्यावर दुसरीकडे गेली. त्या महिन्याची कमाई घटली. जाऊ मला म्हणाली, “ताई, गिऱ्हाईक गेलं ते गेलं. पण तिचं तोंड सुजलं असतं, तर माझं दारच बंद झालं असतं.”

त्या डब्यांत काय होते हे आम्ही तपासून घेतले नाही. परंतु अशा निनावी क्रीममध्ये पुष्कळदा पारा किंवा स्टेरॉइड आढळते. पारा त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून काही दिवस चेहरा उजळ दिसतो. वापर थांबला की काळपटपणा परत येतो. दरम्यान पारा त्वचेवाटे शरीरात शिरून मूत्रपिंडांना इजा करतो. चेहरा धुतला की तोच पारा मोरीतून गटारात व पुढे नदीत जातो. तो कुजत नाही, नाहीसा होत नाही. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत साठला आणि ते मासे खाणारी कोळी कुटुंबे पंगू झाली; १९५६ साली हा रोग उघडकीस आला. पार्लर म्हणजे कारखाना नव्हे, हे खरे; पण पाऱ्याचा स्वभाव दोन्हीकडे तोच. त्या गावाच्या नावाने २०१३ साली आंतरराष्ट्रीय करार झाला व २०१८ साली भारताने त्यास मान्यता दिली. आपल्या देशाच्या सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसारही पाऱ्याची संयुगे घालून प्रसाधने बनवण्यास मनाई आहे.

म्हणून पहिला नियम : ज्या डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटक आणि मुदत छापलेली नाही, ती दुकानात ठेवू नये.

गटारात हात कोणाचा?

दुसरी गोष्ट आपल्या समाजाने तर विसरूच नये. पार्लरमधून बाहेर पडलेली वस्तू जादूने नाहीशी होत नाही. केसांच्या गुंत्याने गटार तुंबते, तेव्हा ते उपसायला कोण येतो? कचऱ्याच्या पिशवीतले उघडे ब्लेड कोणाच्या बोटात घुसते? तो सफाई कामगार, ती कचरा वेचणारी बाई बहुधा आपल्यातलीच असते. तेव्हा पर्यावरण हा श्रीमंतांच्या गप्पांचा विषय नाही. तो आपल्या भावा-बहिणींच्या हातांचा प्रश्न आहे.

उपाय साधे आहेत. मोरीच्या तोंडावर बारीक जाळी बसवावी व रोज साफ करावी. वापरलेली ब्लेड झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवावीत, डबा भरला की चिकटपट्टीने बंद करून वर ‘ब्लेड’ असे लिहून द्यावा. रंग न लावलेले केस कुंडीच्या मातीत किंवा खतात थोडे थोडे मिसळावेत. केसांत नत्र भरपूर असते, मात्र ते फार सावकाश कुजतात. शाम्पूच्या पुड्यांना भंगारात भाव नसल्याने त्या कोणी उचलत नाही. त्याऐवजी मोठा कॅन घेऊन बाटली पुन्हा पुन्हा भरावी.

कामाच्या पद्धतीतील बदल

धाग्याने भुवया कोरणे ही या व्यवसायातील सर्वांत निर्मळ कला म्हणावी लागेल. हातभर सुती दोरा आणि शिकलेली बोटे. वीज नाही, पाणी नाही, रसायन नाही. हीच दृष्टी इतर कामांत आणता येते.

वॅक्स घरी करता येते. दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस व पाव वाटी पाणी मंद आचेवर मधासारखा रंग येईपर्यंत आटवावे. हे कोमट पाण्याने धुऊन निघते, त्यामुळे जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या उकळून पुन्हा वापरता येतात.

केसांचा रंग भिजवला की तो साठवून ठेवता येत नाही. उरलेला मोरीतच जातो. म्हणून लहान तराजूवर तोलून लागेल तेवढाच भिजवावा. शुद्ध मेंदीचा रंग नारिंगी-तांबडा येतो. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळते तिच्यात बहुधा पीपीडी हे रसायन असते व काहींना त्याची तीव्र ॲलर्जी होते. रंग लावण्यापूर्वी ४८ तास आधी कानामागे थोडासा लावून पाहावा. केस सरळ करण्याच्या काही द्रावणांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू निघतो. बंद खोलीत तो गिऱ्हाइकापेक्षा काम करणारीच्याच छातीत रोज जातो. असे काम टाळलेले बरे.

विजेचा हिशेबही पाहावा. ६० वॅटचा जुना दिवा रोज १० तास जळला, तर महिन्याला १८ युनिट होतात. ९ वॅटच्या एलईडीचे २.७ युनिट. १२०० वॅटचा ड्रायर तासाला १.२ युनिट खातो. केस आधी टॉवेलने नीट टिपले, तर तो निम्मा वेळही लागत नाही.

टॉवेलवरून विनयपिटकातील एक प्रसंग आठवतो. भिक्खूंना मिळालेल्या पाचशे चीवरांचे काय करणार, असे राजा उदेनाने भदंत आनंदांना विचारले. जुन्या चीवरांची अंथरुणे होतील, त्यांची पुढे पायपुसणी, मग धूळ झटकण्याची फडकी, आणि शेवटी चिंध्या चिखलात कालवून जमीन सारवू, असे आनंदांनी सांगितले. टाकाऊपासून टिकाऊ हा विचार आपल्या घरात अडीच हजार वर्षांपासून आहे. पाण्यात थुंकू नये, हाही भिक्खूंना नियमच होता. आणि ज्या समाजाने २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह केला, त्याने नळ उघडा ठेवून केस धुवावेत काय? बादली आणि मग पुरेसा आहे.

नीटनेटकेपणा आणि गोरेपणा

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाड येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी महिलांना स्वच्छ, नीटनेटके राहण्यास आणि अस्पृश्यतेची ओळख सांगणारा पेहराव व दागिने टाकून देण्यास सांगितले. नटणे हे त्यांनी कमी लेखले नाही. त्यात स्वाभिमान पाहिला. मात्र स्वाभिमानासाठी कातडीचा रंग बदलावा लागत नाही. सावळ्या मुलीला ‘तू अशीच छान दिसतेस’ असे सांगून तिचे केस नीट कापून देणारी भगिनी धम्माचेच काम करते.

जावेच्या त्या अकरा डब्या अजून माळ्यावर बांधून ठेवलेल्या आहेत. घातक कचरा वेगळा घेणारी गाडी येईल तेव्हा त्या जातील. तोपर्यंत नाल्यात नाहीत आणि कोणाच्या गालावरही नाहीत. गेलेल्या गिऱ्हाइकांपैकी काही परत आली, काही आली नाहीत. कर्जाचा हप्ता मात्र चुकलेला नाही. व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थिनींनी वहीत जमा-खर्चाच्या दोन रकान्यांशेजारी तिसरा रकाना आखावा : ‘माझ्या दारातून आज बाहेर काय गेले?’ त्याचे उत्तर रोज निर्भयपणे लिहिता आले, तर ती आजीविका सम्यक समजावी.

जयभीम! नमो बुद्धाय!