व्हॉल्व्ह प्रवर्धकातील विद्युत्‌दाब

वाराणसीत 1923 पासून भरणाऱ्या संकटमोचन संगीत समारोहाची बैठक सायंकाळी सुरू होते आणि रात्रभर चालते. अशा दीर्घ कार्यक्रमात हाताने बांधलेला व्हॉल्व्ह प्रवर्धक वापरायचा झाल्यास एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सायंकाळी शहरातील विजेचा भार वाढला की पुरवठ्याचा दाब उतरतो आणि मध्यरात्रीनंतर भार हलका झाला की तो चढतो. म्हणून प्रवर्धकातील कोणतेही मोजमाप, त्या क्षणी पुरवठ्याचा दाब किती होता हे नोंदविल्याशिवाय निरुपयोगी ठरते.

गिटारच्या प्रवर्धकात मुख्यतः दोन प्रकारचे दाब असतात. व्हॉल्व्हची तार तापविण्यासाठी बहुधा 6.3 व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब लागतो, तर धनाग्रासाठी 250 ते 300 व्होल्टचा एकदिश दाब लागतो. हा दुसरा दाब प्राणघातक असतो. वीज बंद केल्यानंतरही धारित्रांत तो साठून राहतो. म्हणून धारित्रे योग्य रोधकातून रिकामी करून, दाब शून्यावर आल्याची मापकाने खात्री केल्यावरच आत हात घालावा. चालू यंत्रावर मोजमाप करताना एक हात खिशात ठेवावा. लाउडस्पीकर न जोडता प्रवर्धक चालवू नये. त्यामुळे निर्गम रोहित्र निकामी होऊ शकते.

नवा प्रवर्धक प्रथम चालू करताना पुरवठ्याच्या मार्गात एक साधा बल्ब सीरिजमध्ये जोडतात. तो क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. प्रखर जळत राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे असे समजावे. तपासणी उलगडल्यावर बल्ब काढून मग खरी मोजमापे घ्यावीत.

ई. एल. 84 हा व्हॉल्व्ह उदाहरणादाखल घेऊ. 1954 मध्ये स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही तो बनविला होता. त्याच्या धनाग्रावर 12 वॅटहून अधिक शक्ती खर्च होऊ नये, ही मर्यादा आहे. प्रवाह मोजण्यासाठी मंडल तोडावे लागत नाही. ऋणाग्राच्या 135 ओहम रोधकावर 7.2 व्होल्ट आढळले, तर प्रवाह सुमारे 53 मिलिअँपिअर होतो. त्यातून पडदा-जालकाचे सुमारे 5 वजा करता 48 उरतात. धनाग्र व ऋणाग्र यांच्यात 243 व्होल्ट असल्यास खर्च होणारी शक्ती 11.7 वॅट भरते, म्हणजे मर्यादेच्या किंचित आत.

आता हीच जुळणी सायंकाळी, पुरवठा 210 व्होल्ट असताना केली होती असे समजू. मध्यरात्री पुरवठा 240 झाला, तर दाब सातव्या हिश्शाने वाढतो. प्रवाहही त्याच प्रमाणात वाढल्यास शक्ती 15 वॅटच्या वर जाते. सायंकाळी निर्दोष भासलेला व्हॉल्व्ह पहाटेपर्यंत जळण्याच्या बेतास येतो. यावर उपाय म्हणजे पुरवठ्याचा दाब सर्वांत चढा असतानाही शक्ती मर्यादेत राहील, अशा बेताने ऋणाग्राचा रोध वाढविणे. रोध वाढला की प्रवाह घटतो.

पहिल्या टप्प्यातील लहान व्हॉल्व्ह तपासणे सोपे असते. धनाग्राच्या रोधकाच्या दोन्ही टोकांचा दाब सारखाच आढळल्यास व्हॉल्व्हमधून प्रवाह वाहत नाही, असे समजावे.

शेवटी सर्व आकडे, पुरवठ्याच्या दाबासह, एका कागदावर लिहून पेटीच्या आत चिकटवावेत. पुढील दुरुस्ती करणाऱ्याला बिघाड शोधण्यासाठी त्याहून उपयुक्त साधन क्वचितच मिळेल.