येवल्याचा विसरलेला ठराव
लेखमाला : महाराष्ट्राची वळणे – भाग ९

येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी काय घडले, असे विचारले की उत्तर एका वाक्यात मिळते. हिंदू म्हणून जन्म घेणे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या दिवशी तिथे भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेत जाहीर केले. शाळेच्या पुस्तकापासून भीमजयंतीच्या फलकापर्यंत हे सगळीकडे वाचायला मिळते. त्याच परिषदेने एक ठरावही केला होता, त्याची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही. मंदिरप्रवेशाचे लढे आता बंद करावेत, त्यात शक्ती घालवू नये आणि समाजाने स्वतंत्रपणे, मानाने उभे राहावे, असा तो ठराव होता. मला या ठरावाचे महत्त्व त्या घोषणेइतकेच वाटते.

मंदिराच्या दारापासून दूर व्हा, हे त्या दिवशी ज्यांना ऐकावे लागले, त्यांतल्या कित्येकांनी त्या दारापायी मार खाल्ला होता.

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी हजारोंच्या मिरवणुकीने सुरू झाला. मंदिराचे दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रहींच्या तुकड्या चारही दरवाजांवर बसू लागल्या. पहिल्या तुकडीत सव्वाशे पुरुष आणि पंचवीसेक स्त्रिया होत्या. महिनाभराने, ९ एप्रिलला, रामनवमीचा रथ निघायचा होता. तो दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढावा अशी तडजोड झाली. पण अस्पृश्य मंडळी दोराला हात लावण्याआधीच रथ पुढे पळवण्यात आला आणि मग दगडफेक झाली. त्यानंतरही लढा थांबला नाही. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव गायकवाड, म्हणजे पुढे सगळ्या महाराष्ट्राचे दादासाहेब, आणि अमृतराव रणखांबे यांनी तो वर्षामागून वर्षे नेटाने चालवला. दार काही उघडले नाही.

बाबासाहेबांचे मत या काळात कसे घडत गेले, ते ३ मार्च १९३४ च्या त्यांच्या पत्रातून कळते. हे पत्र भाऊरावांनाच लिहिलेले आहे. त्यात ते स्पष्ट सांगतात की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण ही चळवळ काढली नव्हती, आणि देवळात गेल्याने ते समाजात समान होतील असेही आपल्याला वाटले नव्हते. लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात चेतना यावी, एवढ्यासाठी तो मार्ग घेतला. ते काम आता झाले आहे. यापुढची शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी. येवल्याच्या ठरावाचा गाभा दीड वर्ष आधीच या पत्रात लिहून ठेवलेला आहे. म्हणून येवल्याची घोषणा रागाच्या भरात केली गेली, असे कुणी म्हटले की मला ते पटत नाही. राग होता, आणि तो न्याय्यही होता, पण त्यामागे विचार आधीच पक्का झालेला होता.

आजूबाजूला घडत होते तेही त्याच दिशेने बोट दाखवत होते. मध्यवर्ती कायदेमंडळातले रंगा अय्यर यांचे मंदिरप्रवेशाचे विधेयक १९३४ च्या ऑगस्टमध्ये मागे घेतले गेले. १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या कविठा गावी अस्पृश्यांनी आपली मुले शाळेत घातली, म्हणून त्यांच्यावर बहिष्कार पडला. त्यांच्या विहिरीत रॉकेल ओतण्यात आले. त्याच वर्षी २७ मे रोजी बाबासाहेबांच्या पत्नी रमाबाई गेल्या. त्यांची पंढरपूरला जायची फार इच्छा होती. पण तिथे लांबूनच हात जोडावे लागणार होते, म्हणून बाबासाहेबांनी त्यांना नेले नव्हते. वारकऱ्यांच्या या महाराष्ट्रात एका स्त्रीची पंढरीची वाट कशामुळे अडली, हे नीट समजून घेतले तर येवल्याचे भाषण कळायला दुसऱ्या कशाची गरज उरत नाही.

परिषदेचे ठिकाणही पाहण्यासारखे आहे. पैठणीचे आणि तात्या टोपे यांचे हे गाव नाशिक जिल्ह्याच्या पूर्व कडेला आहे. उत्तरेला मनमाड जंक्शन, दक्षिणेला नगर जिल्ह्यातले कोपरगाव, पूर्वेला वैजापूर, म्हणजे त्या काळचे निजामाचे राज्य. दौंड–मनमाड लोहमार्गावर येवल्याचे स्टेशन होतेच. रविवारचा दिवस होता. सुमारे दहा हजार लोक जमले, त्यांत हैदराबाद संस्थानातून आणि मध्य प्रांतातून आलेले प्रतिनिधीही होते. स्वागताध्यक्ष अमृतराव रणखांबे. बाबासाहेबांनी गेल्या काही वर्षांतल्या लढ्यांचा हिशेब मांडला, साधे माणुसकीचे हक्क मिळवण्यासाठी किती वेळ, किती पैसा आणि किती श्रम खर्ची पडले ते सांगितले, आणि मग धर्म सोडण्याचा आपला निश्चय जाहीर केला. कोणता धर्म घेणार, ते मात्र सांगितले नाही.

ती जागा मोकळी दिसताच देशभरातून निमंत्रणे सुरू झाली. मुस्लिम नेत्यांनी, ख्रिस्ती बिशपांनी, अमृतसरच्या सुवर्णमंदिराच्या व्यवस्थापनाने, सारनाथच्या महाबोधी सोसायटीने आपापल्या धर्मात यावे म्हणून विनंत्या केल्या. गांधीजींनी ही घोषणा दुर्दैवी ठरवली; धर्म म्हणजे वाटेल तेव्हा बदलायचे घर किंवा अंगरखा नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. मद्रासचे एम. सी. राजा यांच्यासारखे अस्पृश्यांचे नेतेही विरोधात गेले. गांधीजींच्या म्हणण्यात धर्माविषयीची खरी आस्था आहे, हे मी मानतो. पण ज्याला त्या घरात उंबऱ्याच्या आत कधी घेतलेच नाही, त्याला घर सोडू नको असे सांगण्याचा अधिकार कुणाला पोचतो, याचे उत्तर त्यात मला सापडत नाही.

नंतरची वर्षे पाहिली की ठरावाचा अर्थ अधिक उघड होतो. जानेवारी १९३६ मध्ये पुण्याच्या अस्पृश्य युवक परिषदेने येवल्याच्या निश्चयाला पाठिंबा दिला. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषणाचा मजकूर पाहून परिषदच रद्द केली. तेच भाषण त्यांनी स्वतः छापले. ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. १९३७ च्या निवडणुकीत भाऊराव गायकवाड मुंबई विधानसभेत गेले आणि त्याच वर्षी बाबासाहेबांनी खोतीविरुद्ध विधेयक मांडले. १९३८ च्या फेब्रुवारीत येवल्याजवळच्या मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली, आणि तिथे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. देवळाच्या दारातून काढून घेतलेली शक्ती कुठे लागली, ते यातून दिसते: कसणाऱ्याची जमीन, कामगाराची मजुरी, मुलांची शाळा आणि विधानसभेतली जागा.

घोषणा पुरी व्हायला २१ वर्षे आणि एक दिवस लागला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. पुढच्या दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, ते गेले. जमिनीचा लढा पुढे नेत दादासाहेबांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला.

येवल्यात परिषदेच्या स्मरणार्थ आता मुक्तिभूमी आहे, आणि दरवर्षी १३ ऑक्टोबरला तिथे लोक जमतात. त्या वेळी परिषदेला गेलेली पिढी आता उरलेली नाही. त्यांनी सांगितलेले ऐकलेली पिढीही म्हातारी झाली आहे. येवला, निफाड, चांदवड, वैजापूर, कोपरगाव या पट्ट्यात ज्यांच्या घरातून कुणी आजोबा, पणजी त्या परिषदेला चालत किंवा गाडीने गेले असतील, त्यांनी ऐकलेले सगळे लिहून काढावे: भाकरी कुणी बांधून दिली, मुक्काम कुठे केला, परत आल्यावर गावाने काय म्हटले. नेत्यांची भाषणे छापली गेली आहेत. ऐकणाऱ्यांच्या या गोष्टी मात्र त्या त्या घरांतच आहेत.

(पुढील भागात : मे १९३६ ची मुंबईतली महार परिषद)