मोटारींतील फाटका स्पीकर

मोटारींतील स्पीकर खरखरूं लागला कीं दुकानदार नवी जोडी पुढें करतो. त्याचा तो धंदाच आहे. परंतु आधीं शंकु दोन्ही बाजूंनीं सारखा, हळूच दाबून पाहावा. आंत घासल्याचा आवाज आला, तर तारेचें वेटोळें बिघडलें असें समजावें. तेथें डिंक व्यर्थ. मग तारा सोडवून १.५ व्होल्टची बॅटरी क्षणभर लावावी. ‘टक्’ होऊन शंकु हलला, तर वेटोळें तुटलेलें नाहीं.

नुसता कागद फाटला असल्यास पातळ टिश्यू कागद पाणी घातलेल्या पांढऱ्या डिंकानें मागून चिकटवावा व रात्रभर वाळूं द्यावा. ठिगळ हलकें हवें. १९२५ सालीं राइस व केलॉग यांनीं मांडलेल्या या रचनेंत जड शंकूचा स्वर मंदावतो. चिकटपट्टी उन्हांत सुटते. प्लॅस्टिकच्या शंकूस मात्र हा डिंक धरत नाहीं.