मध कोणत्या फुलाचा?

मध घेताना बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, ‘शुद्ध आहे ना?’ आणि उत्तर नेहमी ‘हो’ असंच येतं. मग घरी परीक्षा सुरू होतात. पाण्याच्या पेल्यात थेंब सोडायचा, कापसाची वात मधात बुडवून पेटवायची, टीपकागदावर डाग उमटतो का ते पाहायचं. या परीक्षांतून कळतो तो फक्त दाटपणा आणि पाण्याचा अंश. साखरेचा दाट पाकही त्या सहज पार करतो. प्रयोगशाळेलाही हे काम सोपं नाही. ऊस आणि मका यांच्या साखरेची कार्बनी खूण फुलांतल्या मकरंदापेक्षा वेगळी असते, म्हणून ती भेसळ पकडता येते. तांदळाच्या किंवा बिटाच्या साखरेची खूण मात्र मकरंदासारखीच. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने डिसेंबर 2020 मध्ये 13 ब्रँडच्या मधाची तपासणी जाहीर केली. जर्मनीतल्या प्रयोगशाळेतली एनएमआर चाचणी धरून सगळ्या कसोट्यांना त्यांतले फक्त 3 उतरले. कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले. पण नेहमीच्या चाचण्या चुकवतील असे पाक मुद्दाम बनवले जातात, हे त्या शोधातून पुढे आलं. जे ओळखायला इतकी महागडी यंत्रं लागतात, ते स्वयंपाकघरात वातीवर ओळखण्याची आशा सोडलेली बरी. मध तपासण्यापेक्षा मधाचा माग काढणं आपल्या हातात आहे. फूल कोणतं, पेट्या कुठे होत्या, कोणत्या महिन्यात काढला, हे जो सांगू शकतो त्याच्याकडूनच मध घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात हे अवघड नाही. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. त्याच तालुक्यातलं मांघर मे 2022 मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं आणि पुढे कोल्हापूर जिल्ह्यातल्या पाटगावनेही ती वाट धरली. या डोंगरांत पेटीत राहते ती आपली सातेरी माशी. पेटीच्या खालच्या कप्प्यात राणी आणि पिलावा, वरच्या कोठीत मध. आणलेला मकरंद माश्या पंख हलवून आटवतात आणि पुरेसा आटला की प्रत्येक घरावर मेणाचं पातळ पांढरं झाकण बसवतात. चांगला मधपाळ या झाकणाची वाट पाहतो. चौकट बरीचशी झाकली गेली की सुरीने ते मेण उतरवायचं, चौकट यंत्रात उभी करून फिरवायची; मध बाहेर पडतो आणि पोळं शाबूत राहतं, माश्यांना पुन्हा वापरता येतं. एक खुलासा इथेच करायला हवा. न तापवलेल्या मधाला हल्ली ‘कच्चा मध’ म्हणतात. खरा कच्चा म्हणजे झाकण बसण्याआधीच काढलेला; त्यात पाणी जास्त राहतं आणि तो आंबतो. आपल्याला हवा तो पिकलेला, पण न तापवलेला मध.

आग्या मोहोळाच्या मधाबाबत ‘कसा काढला?’ हा प्रश्न जास्त काटेकोरपणे विचारायला हवा. आग्या माशी पेटीत राहत नाही. तिच्या मोहोळात मध वरच्या बाजूला, फांदीलगत एका कोपऱ्यात असतो आणि बाकीच्या भागात पिल्लं. अंगभर संरक्षक पोशाख घालून तेवढाच मधाचा भाग कापला तर मोहोळ जगतं. टेंभा लावून जाळलं आणि पोळं पिळून काढलं तर माश्या मरतात आणि पिल्लांचा रस मधात उतरतो. ‘जंगली मध’ एवढ्या शब्दांवर समाधान मानू नये ते यासाठी.

‘गावचा माणूस फसवणार नाही कशावरून?’ ही शंका रास्त आहे. डोक्यावर डबा घेऊन दारोदार फिरणारा विक्रेता म्हणजे मधपाळ नव्हे, आणि उद्या त्याला शोधायचं म्हटलं तर सापडत नाही. ज्याच्या पेट्या पाहता येतात, ज्याच्याकडे पुढच्या वर्षी पुन्हा जाता येतं, त्याला फसवणूक परवडत नाही. दुसरा आक्षेप असतो, मध पातळ आहे किंवा खाली साखर बसली आहे. सह्याद्रीतला सातेरीचा मध दमट हवेमुळे मुळातच थोडा पातळ असतो. तळाशी जमलेले रवाळ कण म्हणजे मधातलं ग्लुकोज. बरणी कोमट पाण्यात ठेवली की ते विरघळतात. फुलागणिक मध बदलतो: जांभळाचा काळपट आणि किंचित तुरट, हिरड्याचा, गेळ्याचा वेगळा, आणि काही वर्षांच्या अंतराने फुलणाऱ्या कारवीचा इतका निराळा, की देशाच्या अन्नमानकांतही त्याच्यासाठी वेगळे निकष दिले आहेत. बारा महिने एकाच रंगाचा, एकाच चवीचा मध हवा असेल तर तो अनेक ठिकाणचे मध मिसळूनच मिळणार. किमतीचं म्हणाल तर सातेरीच्या एका पेटीतून वर्षाला साधारण 5 ते 10 किलो मध निघतो. उत्तरेत मोहरीच्या शेतांवर नेलेल्या युरोपीय मेलिफेरा माश्या याच्या कितीतरी पट देतात. सातेरीचा मध त्या मधाच्या भावात मिळू शकत नाही, आणि मिळत असेल तर तीच शंकेची जागा. महाग म्हणून तो कमी घ्यावा, पण हाच घ्यावा. त्या पैशावर डोंगरातल्या पेट्या टिकतात आणि आसपासच्या झाडापिकांचं परागीभवन होत राहतं.

स्थानिक मधाने परागांची ॲलर्जी जाते, असंही सांगितलं जातं. त्याला भक्कम पुरावा नाही. त्रास देणारे पराग बहुतेक वाऱ्यावर उडणारे असतात; माशी गोळा करते ते फुलांतले चिकट पराग. एक वर्षाखालच्या बाळाला तर कुठलाच मध, अगदी बोटभरही, चाटवू नये. त्यातल्या जिवाणूंचे बीजाणू तान्ह्याच्या आतड्यात वाढून जिवावर बेतू शकतं.

उन्हाळ्याच्या अखेरीस डोंगरातल्या मधाचा मुख्य हंगाम संपतो. मुसळधार पावसात माश्या बाहेर पडत नाहीत. त्या दिवसांत मधपाळच त्यांना साखरेचा पाक देऊन जगवतो, आणि तेव्हा मध काढत नाही. म्हणून ऑगस्टमध्ये कोणी महाबळेश्वरचा ‘कालच काढलेला’ मध समोर धरला, तर तो घेऊ नका.