‘लॅब टेस्टेड’ गांजा उत्पादने : तपासणीत नेमके काय पाहतात?

अमेरिका-कॅनडात मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलेले आई-बाबा हल्ली फोनवर हमखास एक प्रश्न विचारतात : “डॉक्टर, इथे दुकानात गांजाच्या जेलीसारख्या गोळ्या मिळतात. गुडघेदुखीला चांगल्या म्हणतात. डब्यावर ‘लॅब टेस्टेड’ लिहिलंय, मग घ्यायला हरकत नाही ना?” या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतके सोपे नाही. प्रयोगशाळेने काय तपासले आणि काय तपासलेच नाही, हे आधी समजून घ्यावे लागेल.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार गांजा आजही बेकायदेशीर आहे. त्यामुळे औषधांना किंवा खाद्यपदार्थांना लागू असतात तशी देशभर एकच मानके गांजाला नाहीत; प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. (कॅनडात मात्र १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशभर एकच कायदा आहे.) या लेखात आपण कॅलिफोर्नियाचे उदाहरण घेऊ, कारण तिथले नियम बरेच तपशीलवार आहेत. तिथे २१ वर्षांवरील प्रौढांसाठी विक्री १ जानेवारी २०१८ रोजी सुरू झाली आणि तपासण्या त्या वर्षभरात टप्प्याटप्प्याने सक्तीच्या झाल्या.

नमुना कोण घेतो?

तपासणीची खरी सुरुवात नमुन्यापासून होते. उत्पादकाने स्वतः निवडून चार चांगली फुले पाठवली, तर पुढची सगळी यंत्रे व्यर्थ. म्हणून प्रयोगशाळेचा कर्मचारी वितरकाच्या गोदामात जातो आणि मालाच्या वेगवेगळ्या भागांतून थोडा थोडा नमुना स्वतः काढतो. या कामाचे चित्रीकरणही करावे लागते. सुक्या फुलांची एक बॅच ५० पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण २२.७ किलोंपेक्षा मोठी नसावी आणि नमुना किमान ०.३५ टक्के असावा, असा नियम आहे. पूर्ण बॅचमधून जेमतेम ८० ग्रॅम! तेवढ्यावरून सगळ्या मालाचा निकाल लागतो, हे लक्षात ठेवा.

धातू, कीटकनाशके आणि बुरशी

गांजाचे झाड जमिनीतले जड धातू चांगलेच शोषून घेते. शेतात शिसे किंवा कॅडमियम असेल, तर ते फुलांतही उतरते. व्हेपच्या काडतुसात धातूच्या भागांतूनही शिसे तेलात मिसळू शकते. कॅलिफोर्नियात शिसे, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा या चार धातूंची तपासणी होते. श्वासावाटे घ्यायच्या आणि खायच्या उत्पादनांसाठी मर्यादा वेगळ्या आहेत. पाऱ्याची मर्यादा खाण्याच्या उत्पादनांत प्रतिग्रॅम ३ मायक्रोग्रॅम आहे, तर ओढण्याच्या उत्पादनांत फक्त ०.१. पोटातून जाणाऱ्या पदार्थाला आतडे आणि यकृत यांची चाळणी असते. फुप्फुसांतून गेलेला पदार्थ थेट रक्तात पोहोचतो.

कीटकनाशकांच्या यादीत ६६ रसायने आहेत. त्यांपैकी २१ रसायने मुळीच चालत नाहीत. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना चांगलेच ठाऊक असलेले क्लोरपायरिफॉस त्यांतलेच. उरलेल्या ४५ साठी मर्यादा ठरवून दिल्या आहेत. इथे मायक्लोब्युटानिल या बुरशीनाशकाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ते द्राक्षांवरही फवारतात आणि द्राक्षे आपण धुऊन खातो. गांजा मात्र पेटवून ओढतात. तापल्यावर मायक्लोब्युटानिलचे विघटन होऊन हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू तयार होऊ शकतो. म्हणून ‘हे औषध तर फळांवरही मारतात’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही.

बुरशीबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण रुग्णांच्या दृष्टीने मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ओढण्याच्या उत्पादनांत ॲस्परजिलस बुरशीच्या चार जाती एक ग्रॅम नमुन्यात अजिबात सापडता कामा नयेत. निरोगी माणसाच्या फुप्फुसांत हिचे बीजाणू रोजच जातात आणि शरीर त्यांचा बंदोबस्त करते. पण केमोथेरपी चालू असलेल्या, अवयव प्रत्यारोपण झालेल्या किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या व्यक्तीला याच बुरशीमुळे जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो. आणि मळमळ, वेदना कमी व्हाव्यात म्हणून गांजाकडे वळणाऱ्यांत हेच रुग्ण अनेकदा असतात. साल्मोनेला आणि विषारी ई. कोलाय हे जिवाणूही तपासले जातात.

माल किरणोत्सर्गाने निर्जंतुक केला, तर बुरशी मरते. पण तिने आधीच तयार केलेली विषे तशीच राहतात. शेंगदाण्यांच्या बाबतीत आपण ऐकतो ते अफ्लाटॉक्सिन हे असेच एक विष. म्हणून अफ्लाटॉक्सिन आणि ऑक्राटॉक्सिन यांची तपासणी वेगळी होते. मर्यादा प्रत्येकी २० मायक्रोग्रॅम प्रतिकिलो. फुलांतली ओलही मोजतात, कारण ओल राहिली की बुरशी नंतर दुकानाच्या फळीवरही वाढू शकते. अर्क काढताना वापरलेले ब्युटेन, इथेनॉल यांसारखे द्रावक उत्पादनात किती उरले, हेही पाहतात.

नशा किती, हे कसे मोजतात?

ताज्या झाडात नशा आणणारे टीएचसी फारसे नसतेच. असते ते टीएचसीए, आणि त्याने नशा येत नाही. उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी तयार होते. म्हणून प्रयोगशाळा दोन्ही मोजते आणि टीएचसीएच्या आकड्याला ०.८७७ ने गुणून एकूण टीएचसी काढते. मोजणीसाठी असे यंत्र वापरतात ज्यात नमुना तापत नाही. नाहीतर मोजता मोजताच एकाचे दुसरे होऊन बसायचे.

खाण्याच्या उत्पादनांत एका मात्रेत जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम आणि सर्वसाधारणपणे एका पाकिटात १०० मिलिग्रॅम टीएचसी चालते. कॅनडात अख्ख्या पाकिटाचीच मर्यादा १० मिलिग्रॅम आहे. लेबलवरचा आकडा आणि तपासणीतला आकडा यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा.

तपासणीवरही विश्वास किती ठेवायचा?

प्रयोगशाळा फक्त तेच शोधते, जे यादीत आहे. २०१९ साली अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्या तरुणांची फुप्फुसे अचानक निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले किंवा त्यांचा मृत्यू झाला. मृतांची संख्या ६८ होती. तेल घट्ट दिसावे म्हणून मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे त्यामागचे प्रमुख कारण निघाले. ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतील द्रव तपासला, तेव्हा ४८ जणांत ते सापडले. बहुतेक काडतुसे बेकायदेशीर बाजारातली किंवा ओळखीतून मिळवलेली होती. पण हा पदार्थ शोधायला हवा, हे तोवर कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

दुसरी अडचण पैशांची आहे. प्रयोगशाळेला पैसे देतो तो उद्योगच. जास्त टीएचसीचा आकडा दाखवला की माल महाग विकतो. त्यामुळे काही उत्पादक सोयीचा अहवाल देणारी प्रयोगशाळा शोधत फिरतात. फुलांतील टीएचसी मोजण्यासाठी कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून सर्व प्रयोगशाळांना एकच पद्धत सक्तीची केली, ती यामुळेच. त्याच वर्षी लॉस एंजेलिस टाइम्स आणि वीडवीक यांनी परवानाधारक दुकानांतली ४२ उत्पादने स्वतंत्रपणे तपासून घेतली. त्यांतल्या २५ उत्पादनांत कीटकनाशके राज्याच्या मर्यादेपेक्षा किंवा तंबाखूसाठीच्या केंद्रीय मानकापेक्षा जास्त निघाली.

ऑनलाइन मिळणाऱ्या सीबीडी तेलांना तर यांपैकी बरेच नियम लागूच होत नाहीत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी ८४ उत्पादने तपासली होती. लेबलप्रमाणे सीबीडी फक्त ३१ टक्क्यांत होते आणि १८ उत्पादनांत चक्क टीएचसी सापडले.

तुम्ही काय पाहावे?

पाकिटावर क्यूआर कोड असेल, तर तो स्कॅन करून तपासणी अहवाल उघडा. नसेल, तर दुकानात मागा. अहवालावरचा बॅच क्रमांक पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळायलाच हवा. न जुळणारा अहवाल म्हणजे दुसऱ्याच मालाचा अहवाल. तारीख वर्षाच्या आतली असावी. अहवालात फक्त टीएचसी-सीबीडीचे आकडे असतील आणि धातू, कीटकनाशके, बुरशी यांचा उल्लेखच नसेल, तर ती सुरक्षिततेची तपासणी नव्हे.

अहवाल अगदी स्वच्छ असला, तरी तो मालाबद्दल बोलतो, तुमच्या शरीराबद्दल नाही. वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णांत सीबीडीमुळे रक्त जास्त पातळ झाल्याच्या नोंदी आहेत. फिटांच्या काही औषधांशीही त्याचा संघर्ष होतो. टीएचसीने हृदयाचे ठोके वाढतात, उभे राहताना रक्तदाब पडू शकतो; वयस्कर माणसाला तेवढ्याने पडून खुब्याचे हाड मोडायला पुरते. गरोदर आणि स्तनदा मातांनी हे टाळावेच. गोळी खाल्ल्यावर परिणाम जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात. ‘काहीच झाले नाही’ म्हणून दुसरी गोळी खाणे, ही नेहमी घडणारी गडबड आहे.

उरलेल्या गोळ्या भारतात येताना बॅगेत टाकू नका. तिथली पावती किंवा लॅबचा अहवाल इथे उपयोगी पडत नाही. एनडीपीएस कायदा, १९८५ नुसार तो गुन्हा ठरू शकतो.

आणि घरात नातवंडे असतील, तर हे डबे कुलपात ठेवा. या गोळ्या दिसतात अगदी चॉकलेट-जेलीसारख्या. सहा वर्षांखालील मुलांनी गांजायुक्त खाद्यपदार्थ चुकून खाल्ल्याच्या २०७ घटना अमेरिकेतील विषबाधा केंद्रांकडे २०१७ साली नोंदल्या गेल्या होत्या. २०२१ साली ३,०५४. मूल विलक्षण गुंगीत असेल, तोल जात असेल, श्वास मंद वाटत असेल, तर वाट पाहू नका, उलटी करवू नका, पाकीट सोबत घेऊन थेट इमर्जन्सी विभागात जा. अमेरिकेत विषबाधा केंद्राचा क्रमांक १-८००-२२२-१२२२ असून तो चोवीस तास चालू असतो.