गोधडीला कळणारं आभाळ

बसा जरा जवळ, कंदील मधे घ्या. ज्वारी हुरड्यात आली की आम्ही पोरं राखणीला माळ्यावर निजायचो, आणि तिथंच आजानं शिकवलं, की रात्री आभाळ आलंय का हे डोळे मिटूनही सांगता येतं: गोधडी दवानं ओली झाली, नाकाचा शेंडा गार पडला, तर आभाळ उघडं; गोधडी कोरडी आणि अंगाला ऊब, तर ढग आलेत, सकाळी ज्वारीवर चिकटा बघायला हवा. दिवसभर तापलेली आपली काळी माती रात्री ऊब वर सोडते. ढग असले की ती अडते आणि परत खाली येते, नसले की निघून जाते. म्हणून तर पूस-माघात परभणीचा गारठा पेपरात येतो.

आता नवल ऐका. हीच ऊब उपग्रह वरून बघतो! मातीची ऊब पोचली तर आभाळ मोकळं, ढगाचा गार माथा लागला तर झाकलेलं. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या आणि हवामानाच्या जुन्या नोंदी धुंडाळून १९८० ते २०२० अशा ४१ वर्षांतल्या रात्रींचे ढग तपासले, जगातल्या आठ उंच वेधशाळांवरचे. एवढी चिकाटी कशासाठी? अरे, एका सालचं पाणी बघून कुणी विहीर खणतं का? दुर्बीण एकदा बसली की पिढीभर तिथंच राहायची, आणि पुढं ढगच वाढले तर! त्यांच्या हिशेबात लडाखचं हानले फार सरस ठरलं, वर्षाला सुमारे २७० निरभ्र रात्री. ४५०० मीटर उंच, आणि मोसमी ढग अलीकडच्या डोंगरांवरच रिते होऊन जातात. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या गिरवलीची दुर्बीण मात्र पावसाळाभर झाकून ठेवावी लागते.

आणि आपल्या शेजारी, औंढा नागनाथला (१९९९ पर्यंत ते आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं, मला अजून तसंच वाटतं) आता लायगो नावाची वेधशाळा उभी राहतेय. तिला आभाळ उघडं लागतच नाही. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात, आत लेझरचा उजेड. कुठंतरी दूर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशच लहरतं, आणि ती लहर ढगांतून, डोंगरातून, तुमच्या-माझ्या अंगातून निघून जाते, नळीची लांबी प्रोटॉनच्या रुंदीहूनही कितीतरी कमी हलवून. मृगाचं आभाळ गच्च भरलेलं असेल, तुमचा बाप तिफण बांधत असेल, आणि त्याच रात्री औंढ्याला ती लहर टिपली जात असेल.